मैदानाकडे पाठ करून दहा दिवस उभं राहता येईल का, ते आधी बघ

तासगावजवळच्या एका तेवीस वर्षांच्या मुलाने विचारलं आहे: 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला स्वयंसेवक म्हणून जायचंय. एक एजंट 35 हजार रुपये मागतोय, 'निवड पक्की, व्हिसाचं आम्ही बघतो' म्हणतोय. इंग्रजी जेमतेम आहे. सामने फुकट बघायला मिळतील का, पुढे नोकरीला उपयोग होईल का, आणि 'ही फुकटची हमाली कशाला' म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगू?

मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. 2008 साली पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा मी कॉलेजात होते आणि बालेवाडीत स्वयंसेवक होते. 2017 च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये एका स्टँडची टीम लीडर होते. 2024 ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकला स्वतःच्या खर्चाने गेले. म्हणजे ड्युटी करणं आणि ड्युटी लावणं, दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

एजंटचं आधी उरकू. पैसे देऊ नकोस. ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक, फुटबॉलचा वर्ल्ड कप, यांच्या स्वयंसेवकांचे अर्ज आयोजकांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि ते फुकट असतात. मध्ये कुणी दलाल नसतो, जागा राखून ठेवता येत नाहीत. व्हिसा आयोजक देत नाहीत, त्या देशाचा दूतावास देतो. निवडीचं पत्र हातात असलं तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो, तेव्हा 'व्हिसाची जबाबदारी आमची' या वाक्याला काही अर्थच नाही. एवढ्या एका वाक्यावरून मी तरी त्या माणसाचा फोन ब्लॉक केला असता.

निवड किती अवघड, तर ते स्पर्धेवर आहे. लंडनला 2012 मध्ये सत्तर हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले. पॅरिसला 45 हजार जागा आणि तीन लाखांवर अर्ज. कतारच्या 2022 च्या वर्ल्ड कपला 20 हजार जागांसाठी चार लाखांच्या वर. म्हणजे लंडनला साधारण साडेतिघांत एक, पॅरिसला सहा-सात जणांत एक, कतारला वीस-एकवीस जणांत एक. पण हे गणित तुझ्या बाबतीत जसंच्या तसं लागू होत नाही. आयोजकांना बहुतेक माणसं त्याच शहरातली हवी असतात, कारण ती घरी झोपतात, त्यांना रस्ते माहीत असतात आणि व्हिसाअभावी ती ऐनवेळी गळत नाहीत. सांगली जिल्ह्यातून अर्ज करणाऱ्याकडे काहीतरी जास्तीचं असावं लागतं. ते काय, त्याकडे पुढे येते.

आता तुझा खरा प्रश्न. तू चार-पाच प्रश्न विचारलेस, पण मला त्यांच्या तळाशी एकच दिसतो: एवढे पैसे आणि सुट्या घालवून जे मिळेल, ते मला आवडेल का? याचं उत्तर कामाच्या स्वरूपात आहे, आणि ते स्वरूप लोकांना नीट माहीत नसतं. आपण टीव्हीवर खेळाडूच्या शेजारी टॉवेल घेऊन उभा असलेला स्वयंसेवक बघतो आणि समजतो की सगळे तिथेच असतात. प्रत्यक्षात सर्वांत जास्त माणसं लागतात प्रेक्षकांसाठी: गेट दाखवायला, तिकीट स्कॅन करायला, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून 'तुमची रांग वर, उजवीकडे' सांगायला, व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांना त्यांच्या जागेपर्यंत न्यायला, स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या रस्त्यावर लोकांना वळवायला. या कामात तुझं तोंड माणसांकडे असतं आणि पाठ मैदानाकडे. हा नियमच आहे. गर्दीत कोण घाबरलंय, कोण जिन्यात बसलंय, कुठे ढकलाढकली सुरू झालीय, हे तुला दिसलं पाहिजे. खेळ बघायला बाकीचे हजारो लोक आहेत.

हे मला बालेवाडीत कळलं, आणि चूक करूनच कळलं. 71 देशांतली मुलं आली होती. माझी ड्युटी कुस्तीच्या हॉलच्या एका दाराशी होती. आत लढत रंगली, लोक ओरडायला लागले, आणि मी दोनच मिनिटं म्हणून आत डोकावले. दोनाची दहा झाली. परत आले तेव्हा एका परदेशी संघाचे मॅनेजर दम लागलेल्या एका मुलाला धरून वैद्यकीय खोली शोधत तिसऱ्यांदा त्याच बोळातून फिरत होते. खोली माझ्या दारापासून तीस पावलांवर होती. ते सांगण्यासाठीच मला तिथे उभं केलं होतं. मुलगा ठीक होता. मॅनेजर मला काही बोलले नाहीत, माझ्या पासवरचं नाव मात्र त्यांनी वाचलं. ते वाचणं मला अजून आठवतं.

नवी मुंबईत 25 ऑक्टोबर 2017 ला स्पेन आणि माली यांची सेमीफायनल झाली. स्पेनने 3-1 अशी जिंकली, तिसरा गोल फेरान टॉरेसचा. पुढे तो केवढा मोठा खेळाडू झाला. 'तू होतीस ना तिथे!' असं लोक हेव्याने म्हणतात. होते. चारही गोल मी घरी जाऊन यूट्यूबवर पाहिले. गोल झाला की माझ्या समोरच्या दोनशे चेहऱ्यांचं काय होतं, ते मात्र मी पाहिलंय, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्याने दाखवलेलं नाही.

पॅरिसचं तर तुझ्याच जिल्ह्याचं आहे. 4 सप्टेंबरला सकाळच्या सत्रात स्टाड द फ्रान्समध्ये पुरुषांची एफ-46 गटाची, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंची गोळाफेक होती आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी त्यात होते. मला आधीपासून माहीत होतं. माझी जागा खालच्या स्टँडमधल्या एका जिन्याच्या तोंडाशी, आणि नेमकी त्या वेळी शाळेच्या मुलांची मोठी सहल आत येत होती. मी फ्रेंच मुलांचे हात धरून रांगा मोजत होते. पाठीमागे टाळ्या झाल्या. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कुणी फाशी दिली नसती, पण दोन लहान मुलं पायऱ्यांवर होती. मुलं बसल्यावर फलक पाहिला: 16.32 मीटर, दुसरा क्रमांक, रौप्य. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा 16.38. सहा सेंटिमीटर. शेजारच्या जिन्यावर ल्योंचे एक निवृत्त पोस्टमन ड्युटीला होते, त्यांना मी मराठीतच काहीतरी ओरडून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे वाचून 'मग उपयोग काय' असं वाटलं, तर खरंच जाऊ नकोस. तिकीट काढ आणि प्रेक्षक म्हणून जा, ते जास्त सुखाचं आणि कदाचित स्वस्त पडेल. आणि 'हेसुद्धा भारी आहे' असं वाटलं, तर पुढचं वाच.

सगळीच कामं पाठ करून उभं राहायची नसतात, हेही सांगायला हवं. पास बनवण्याचं टेबल, वाहनं, भाषांतर, पत्रकार कक्ष, पदकप्रदानाची तयारी, असे कितीतरी विभाग असतात. मला स्वतःला सर्वांत कुतूहल आहे ते उत्तेजक चाचणीच्या सोबत्याचं, ज्याला तिथे शॅपरोन म्हणतात. खेळाडूला 'तुमची चाचणी आहे' हे सांगितल्या क्षणापासून तो चाचणी केंद्रात पोचेपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. तो पदक घ्यायला जाईल, मुलाखती देईल, अंग सैल करायला पळेल, सोबत्याने मागे राहायचं. पाणी प्यायचं तर सीलबंद बाटलीतलं. लघवीचा नमुना किमान 90 मिलिलिटर लागतो, आणि घाम गाळून कोरडा पडलेला खेळाडू तेवढा देईपर्यंत कधीकधी तास-दोन तास जातात. हरलेला असेल तर त्याला एक शब्द बोलायची इच्छा नसते, आणि तू मात्र त्याच्यापासून चार पावलांवर. ज्याला गप्प राहता येतं त्याने हे काम मागावं. बडबड्यांनी माझ्यासारखं जिन्यावर उभं राहावं.

पण काम मागितलं म्हणून मिळतंच असं नाही. अर्जात आवड विचारतात, तू ती लिहितोस, आणि मग जिथे माणसं कमी तिथे तुला टाकतात. मी रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लावत होते तेव्हा मीही तेच केलं. त्याचं कारण असं की स्वयंसेवक गळतात, आणि भरपूर गळतात. टोकियोला ऐंशी हजार ठरले होते, त्यातले दहा हजारांच्या आसपास स्पर्धेआधीच बाजूला झाले. तिथे करोना होता, ठीक आहे. पण साध्या दिवसांतही पहिल्या आठवड्यानंतर पोटदुखी, आजीचं आजारपण, 'उद्यापासून जमणार नाही' सुरू होतं. युनिफॉर्म मिळाला, फोटो टाकून झाला, संपलं. नवी मुंबईत माझ्या यादीत चाळीस नावं होती आणि शेवटच्या सामन्यांना सत्तावीस जण हजर असत. त्यामुळे टीम लीडरच्या लेखी हुशार स्वयंसेवकापेक्षा रोज वेळेवर येणारा मोठा. मुलाखतीतही तेच चाचपतात. 'तुम्हाला कुठला खेळाडू आवडतो' यापेक्षा 'काम कंटाळवाणं निघालं तर काय कराल' हा प्रश्न हमखास येतो. तिथे आव आणू नकोस, आधी कुठे कंटाळवाणं काम शेवटपर्यंत केलंयस ते सांग.

इथवरचं थोडक्यात: एजंट नको, सामने बघायला मिळतील हे धरून चालू नकोस, हवं ते काम मिळेल हेही धरू नकोस. एवढं पचलं असेल तर पैशाचं बोलू.

बहुतेक मोठ्या स्पर्धांत स्वयंसेवकाला युनिफॉर्म, शिफ्टमधलं जेवण आणि शहरातला प्रवास एवढं मिळतं. पगार नाही, विमानाचं तिकीट नाही, आणि राहायची सोय बहुधा नाही. पॅरिसला नव्हती. माझा खर्च सांगते. मुंबई-पॅरिस जाऊन-येऊन तिकीट 62 हजार, तेही चार महिने आधी काढलं म्हणून. व्हिसाची फी तेव्हा नुकतीच 80 वरून 90 युरो झाली होती, त्यात केंद्राचं शुल्क आणि प्रवास विमा धरून 13 हजार. राहणं सोळा रात्री, स्टेडियमपासून बऱ्याच लांबच्या उपनगरात चौघींत एक फ्लॅट, माझ्या वाट्याला 66 हजार. ड्युटी नसलेल्या दिवसांचं जेवण आणि इतर 35 हजार. एकूण पावणेदोन लाखांच्या पुढे. यात मी घरून भाजणी नेली होती म्हणून नाश्ता सुटला. फ्लॅटमधल्या दोघी थालीपिठावर इतक्या खूश झाल्या की तीन किलो भाजणी आठ दिवसांत संपली, तो भाग वेगळा. बिनपगारी रजा झाली तो तोटा मी धरलेलाच नाही.

ऑलिम्पिक सोडून पॅरालिम्पिक निवडलं तेही काही अंशी पैशापायी. ऑगस्टच्या मध्यानंतर भाडी उतरतात, विमानं थोडी स्वस्त होतात. पण गेल्यावर वाटलं, काम म्हणूनही हेच जास्त शिकवणारं आहे. एका अंध प्रेक्षकाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं की त्याचा दंड धरायचा नाही, आपला कोपर त्याला धरू द्यायचा. साधी गोष्ट, पण वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला माहीत नव्हती.

अमेरिकेचा खर्च मी केलेला नाही, त्यामुळे आकडा ठोकून देणार नाही. अंतर जास्त, तिकीट जास्त, आणि लॉस एंजेलिस पसरलेलं शहर आहे, तिथे स्वस्त खोली लांब मिळते आणि लांबून येणं सोपं नाही. तिथे कुणी नातेवाईक, गावचं कुणी, ज्यांच्याकडे तीन आठवडे विनासंकोच राहता येईल असं कुणी असेल, तर सगळं गणित बदलतं. नसेल, तर कर्ज काढून जाऊ नकोस. याबाबत मी ठाम आहे.

इंग्रजीची तू उगाच धास्ती घेतली आहेस. जिन्यावर उभ्या माणसाला शंभर वाक्यांपलीकडे भाषा लागत नाही, आणि ती पहिल्या दोन दिवसांत तोंडात बसतात. लागतं ते ऐकायचं इंग्रजी: वॉकीटॉकीवर खरखरीत आवाजात आलेली सूचना एकदाच ऐकून कळली पाहिजे. टीव्हीवर समालोचन ऐकतोस तसं रोज अर्धा तास चित्र न बघता ऐक. एक तिसरी भाषा थोडी तरी येत असेल तर अर्जात फरक पडतो. लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश बोलणारे प्रचंड आहेत, तेव्हा आत्तापासून रोज वीस मिनिटं स्पॅनिश केलीस तर 2028 पर्यंत कामापुरती येईल. मघाशी 'जास्तीचं काहीतरी' म्हटलं, त्यातलं हे एक.

दुसरं म्हणजे आधीचं काम. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, एखाद्या खेळाच्या पंचाची परीक्षा, किंवा चार स्पर्धांत केलेली स्वयंसेवा. जिल्हा पातळीवर कबड्डीचा, कुस्तीचा गुणलेखक म्हणून बसलास तरी तो अनुभवच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, साताऱ्याची हिल मॅरेथॉन तर तुझ्या दाराशी आहे, आणि 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. अहमदाबादला जायला व्हिसा नको, विमान नको. रेल्वेने जाशील. माझ्या मते तुझं खरं लक्ष्य तेच असावं. लॉस एंजेलिसचा अर्ज जरूर भर, फुकटच आहे, पण तयारी अहमदाबादची कर.

नोकरीचं विचारलंस. नुसत्या प्रमाणपत्राने कुणी नोकरी देत नाही. मी बँकेत आहे, माझ्या बढतीत पॅरिसचा काडीचा वाटा नाही. पण ज्यांना कार्यक्रम-व्यवस्थापन, क्रीडा-व्यवस्थापन, हॉटेल, विमानतळ असल्या क्षेत्रांत जायचं आहे त्यांना ओळखी होतात. नवी मुंबईतल्या माझ्या गटातले दोघे आज त्याच व्यवसायात आहेत. ते दोघे कोण होते सांगू? शेवटच्या सामन्यापर्यंत आलेल्या सत्तावीसांतले.

बारीकसारीक चार गोष्टी, ज्या पत्रकात सापडतात पण कुणी वाचत नाही. पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, त्यावर बारकोड असतो. खेळाडूंकडे सही किंवा सेल्फी मागायची नाही, मागणाऱ्याचा पास त्याच दिवशी गेलेला मी पाहिलाय. पत्रकाराने विचारलं तर हसून पुढे पाठवायचं. आणि बूट नवे घालून जायचं नाही. महिनाभर वापरलेले, अर्धा नंबर मोठे, कारण आठ-नऊ तास उभं राहिल्यावर पाय सुजतात. मी पहिल्या दिवशी नवे घातले होते, दुसऱ्या दिवशी टाचेला पट्ट्या लावून जिन्यावर होते.

राहिले वडील. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेव्हा वाद घालू नकोस. आयोजक तिकिटं विकतात, प्रायोजक घेतात, प्रक्षेपणाचे हक्क विकतात, आणि जिन्यावरचा माणूस मात्र फुकट. पॅरिसमध्येही यावर टीका झाली. वारीत पाणी वाटणारा माणूस आणि हा, यांत फरक आहे, कारण वारीला तिकीट नसतं. त्यामुळे 'ही सेवा आहे' असं वडिलांना सांगू नकोस, त्यांना ते पटणार नाही आणि पटू नयेच. 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणाले तर हो म्हण. मला जगभरची माणसं जवळून बघायची आहेत, त्यासाठी मी माझ्या कमाईतले इतके पैसे आणि इतके दिवस देतोय, तुमच्याकडून काही मागत नाही, असं सांग. कमाईतले हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे आधी कमव.

आणि पैसे घालण्याआधी एक कर. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला नाव दे. पहाटे तीनला उठून ठरलेल्या जागी जा, पाण्याच्या टेबलामागे किंवा वळणावर उभा राहा, दुपारपर्यंत जागा सोडू नकोस. परत आलास की इथेच लिही, पायांचं काय झालं ते, आणि पहिला आलेला धावपटू तुला दिसला का तेही.